कच्ची वही आणि खतावणी

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. १९१७ साली उभ्या राहिलेल्या या गोल बाजारपेठेत काय किंवा नांदेडच्या जुन्या मोंढ्यात काय, वहीखात्याची एक रीत आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाची आहे. गाडी दाराशी उभी आहे, हमाल पोती उतरवीत आहेत, शेतकरी उचल मागतो आहे, अशा गर्दीत मुनीम जे उतरवून घेतो ते कच्च्या वहीत. तेथे अक्षर कोणी पाहत नाही, क्रमही पाहत नाही. नोंद राहून जाऊ नये एवढेच पाहावयाचे. गर्दी ओसरली म्हणजे तीच नोंद तारीखवार कीर्दीत जाते, आणि कीर्दीतून सवडीने ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत पडते. आता हिशेब संगणकावर होऊ लागले, वह्या पातळ झाल्या. परंतु आधी उतरवून घ्यावे, मग खतवावे, हा क्रम काही बदललेला नाही.

आम्हांस आज बोलावयाचे आहे ते मात्र तुरीच्या आणि कापसाच्या हिशेबाविषयी नव्हे. शिक्षकास वर्गात एखादा दाखला अचानक सुचतो आणि महिनाभर न कळलेले मुलांस क्षणात कळते. अभ्यासकास बसमध्ये बसल्या बसल्या दोन दूरच्या गोष्टींमधला धागा दिसतो. घरी जेवताना लहान मूल असा एक प्रश्न विचारते की सारे हसतात आणि कोणासही उत्तर देता येत नाही. अशी आवक प्रत्येकाच्या घरी रोज होते. तिची कच्ची वही मात्र फार थोड्यांच्या घरी असते, आणि खतावणी तर त्याहून थोड्यांच्या. ‘राहील लक्षात’ असे म्हणून आपण पुढे जातो. लक्षात राहते ते इतकेच, की त्या दिवशी काहीतरी चांगले सुचले होते.

विचारांच्या नोंदीस व्यापाऱ्याच्या वहीची उपमा आम्ही नव्याने देत आहोत असे नाही. अठराव्या शतकात जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठात लिख्टेनबर्ग नावाचा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक होता. इंग्रज व्यापारी दिवसभराची सरमिसळ नोंद एका ‘वेस्ट बुका’त करतात, तेथून ती रोजकीर्दीत आणि पुढे खतावणीत नेतात, हे त्याने पाहिले आणि पंडितांनीही असेच करावे असे ठरवून आयुष्यभर तशा वह्या भरल्या. त्यांत विज्ञान आहे, थट्टा आहे, अर्धवट वाक्ये आहेत. त्याच्या हयातीत त्या छापल्या गेल्या नाहीत. १७९९ साली तो वारल्यानंतर त्या बाहेर आल्या, आणि आज त्याचे नाव मुख्यतः त्या वह्यांमुळेच घेतले जाते.

याच गृहस्थाची दुसरी एक हकिकत आहे. १७७७ च्या सुमारास तो राळेच्या एका मोठ्या तबकडीवर विजेचे प्रयोग करीत होता. तबकडी घासून गुळगुळीत करताना उडालेली बारीक भुकटी खोलीत जिकडेतिकडे पसरली होती. ती विद्युतभारित तबकडीवर बसली तेव्हा सारखी न पसरता तिच्या चांदण्यांसारख्या आकृत्या झाल्या. दुसऱ्या कोणी फडके घेऊन ती पुसली असती. त्याने आकृत्या न्याहाळल्या, पुन्हा पाडून पाहिल्या, कागदावर उतरवून घेतल्या. विद्युतभार जेथे असेल तेथे भुकटी धरून राहते, या तत्त्वावर पुढे १९३८ साली अमेरिकेत चेस्टर कार्लसन याने कागदाची कोरडी प्रत काढून दाखविली. लातुरातील शिकवणीवर्गांच्या गल्लीतले झेरॉक्सचे यंत्र चालते ते याच तत्त्वावर.

त्या गल्लीत क्षणभर थांबावयास हवे. ‘लातूर पॅटर्न’चा लौकिक मोठा आहे आणि तो कष्टाने मिळविलेला आहे, गावोगावची मुले खोली करून येथे राहतात ती उगाच नव्हे. परंतु ‘नोट्स’ या शब्दाचा अर्थ येथे आणि आता नांदेडातही काय झाला आहे? नोट्स म्हणजे दुसऱ्याने काढलेले, आपण विकत घेतलेले, गठ्ठ्याने झेरॉक्स केलेले कागद. आपला जुना शब्द ‘टिपण’. तो ज्या ‘टिपणे’ या क्रियापदावरून आला ते पाखराचे आहे. पाखरू दाणा टिपते तो स्वतःच्या चोचीने. दुसऱ्याने टिपून आणलेले खाण्याचे वय पंख फुटेपर्यंतच असते. परीक्षेपुरत्या नोट्स घ्याव्यात, त्यास आमची हरकत नाही. पण अठरा वर्षांच्या मुलाजवळ स्वतःला पडलेल्या प्रश्नांचे एकही पान नसावे, ही गोष्ट आम्हांस गुणपत्रिकेतील उणिवेपेक्षा अधिक काळजीची वाटते.

मुलांस तरी काय म्हणावे? शिक्षकाजवळ पाठाचे टाचण असते. त्यात उद्दिष्टे असतात, साहित्य असते, प्रश्न असतात. आणि ते सारे तास सुरू होण्यापूर्वी लिहिलेले असते. ज्या गोष्टी खरोखर लिहून ठेवण्याजोग्या, त्या तास सुरू झाल्यावर घडतात. भिन्नांची बेरीज करताना एका मुलाने वरच्या अंकांत वरचे आणि खालच्यांत खालचे मिळविले. चूक खरीच, पण त्याने तसे का केले असावे? एखादी भाकरी मोडून दाखविताच त्याचा चेहरा उजळला, तो कोणत्या वाक्याला? टाचणाच्या मागच्या कोऱ्या पानावर तास संपताच दोन ओळी पडल्या, तर पुढच्या वर्षीचा तास आताच तयार झाला म्हणावयाचे. नांदेडकरांस हे वेगळे सांगावयास नको. नरहर कुरुंदकर १९८२ साली गेले. त्यांचे जे लेखांत आणि पुस्तकांत उतरले ते आज जन्मलेल्या वाचकासही मिळेल. वर्गात आणि गप्पांच्या ओघात जे त्यांनी सहज बोलून टाकले, ते ऐकणाऱ्यांच्या आठवणीपुरतेच आहे, आणि ऐकणारेही आता वयस्क झाले.

मराठीतल्या आरंभीच्या गद्याकडे पाहिले तर एका गुरूने बोलता बोलता दिलेले दाखलेच आपल्या हाती लागतात. चक्रधरस्वामींनी समजावून सांगताना जे दृष्टांत दिले ते केशिराजबासांनी एकत्र केले. त्या ‘दृष्टांतपाठा’त ११४ दृष्टांत आहेत. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यात आहे. शिष्याने ते टिपून ठेवले नसते तर ते बोलणे त्या मंडळींबरोबरच संपले असते.

कधी नोंदीतून शाळेचे रूपच बदलते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात (आता तो भाग पालघरमध्ये मोडतो) कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले शाळेत का येत नाहीत, याचे उत्तर आळस असे देऊन मोकळे होणे सोपे होते. पण ती गुरे राखावयास जातात हे पाहिले, आणि त्यावरून मुले जेथे गुरे चारतात तेथेच शाळा न्यावी असे सुचले. तीच कुरणशाळा. गुरे राखणारी पोरे साऱ्या गावाने रोज पाहिलेली होती. त्या पाहण्यातून शाळेविषयी काही सुचण्यास मात्र कोणीतरी ती गोष्ट विचारांच्या खात्यावर मांडावी लागली.

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात, नांदेड याच नावाचे एक खेडे आहे. तेथील दादाजी खोब्रागडे हे जेमतेम प्राथमिक शाळा पाहिलेले छोटे शेतकरी. १९८३ साली आपल्या भाताच्या शेतात त्यांना काही लोंब्या इतरांहून निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढून जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. त्यातून जो बारीक, चवदार तांदूळ सिद्ध झाला त्यास त्या काळी नावाजलेल्या घड्याळावरून ‘एचएमटी’ हे नाव पडले, आणि तो विदर्भाबाहेरही दूरवर पसरला. वेगळ्या ठेवलेल्या त्या लोंब्या म्हणजे खोब्रागड्यांची कच्ची वही, आणि वर्षावर्षाची निवड व पेरणी ही खतावणी. निराळी लोंबी इतरांच्याही शेतात येत असेल. ती मळणीत इतर भाताबरोबर जाते.

खतावणीस किती काळ लागेल याचा मात्र नेम नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली संस्कृतच्या महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून कोटीच्या आसपास चिठ्ठ्या तयार झाल्या. पहिला भाग निघाला १९७६ साली. त्यानंतर निघालेले खंडही ‘अ’ या पहिल्याच अक्षराचे आहेत. चिठ्ठी लिहिणाऱ्या कित्येकांनी पुस्तक पाहिले नसेल. पण चिठ्ठीवर शब्दाबरोबर ग्रंथाचे नाव आणि स्थळ लिहिलेले असते, म्हणून दुसऱ्या पिढीचा संपादक ती बिनधोक वापरतो.

आता घराकडे वळू. चार्ल्स डार्विन याने आपल्या पहिल्या मुलाच्या जन्मापासून, म्हणजे १८३९ च्या डिसेंबरपासून, तो केव्हा हसला, केव्हा रागावला, आरशातल्या प्रतिमेकडे पाहून काय केले, हे लिहून ठेविले होते. ते टिपण त्याने छापले १८७७ साली. सुमारे ३७ वर्षे वही घरात पडून होती. बापाने कौतुकाने पाहिलेले तान्हे मूल शेवटी मानसशास्त्राच्या उपयोगी पडले. आपल्या घरी कौतुक कमी असते असे नाही. बाळाचे बोबडे शब्द आपण पाहुण्यांस दहा वेळा सांगतो. दोन वर्षांनी ते शब्द कोणते, हे आईलाही आठवत नाही.

मराठवाड्यातील घरांस याशिवाय एक वेगळेच दुःख आहे, आणि त्याविषयी आम्हांस थोडे अधिक बोलावयाचे आहे. जुनी पेटी उघडा. पणजोबांची वही मोडीत आहे. आजोबांची कागदपत्रे उर्दूत, कारण १८८४ पासून निजामी राज्याचा कारभार उर्दूत चाले आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतच होते. १९४८ च्या १७ सप्टेंबरास संस्थान मुक्त झाले. पुढे वडिलांचे लिहिणे बाळबोध मराठीत आले. नातू इंग्रजी माध्यमात शिकतो आणि त्याचे सारे टिपण मोबाईलमध्ये आहे. चारी पिढ्यांनी लिहिले, पण एका पिढीचे दुसरीस वाचता येईना! न लिहिल्यामुळे जेवढे गेले तेवढेच, कदाचित त्याहून अधिक, खतावणी न झाल्यामुळे गेले. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीच्या परिसरात माणसांबरोबर घरेच्या घरे गाडली गेली. अशा वेळी पेट्यांतल्या कागदांची मोजदाद कोण करणार? मोबाईलला तर भूकंपाचीही गरज नाही, तो पाण्यात पडला तरी पुरते.

म्हणून घरातील मोडी वही जाणकाराकडून वाचून घेण्याचे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नये. मोडी वाचणारे अद्याप मिळतात. त्यांच्याकडून एकेक पान बाळबोधीत उतरवून घ्यावे. मोबाईलमध्ये बोलून ठेवलेले महिन्याकाठी एकदा ऐकावे आणि ठेवण्याजोगे असेल ते कागदावर आणावे. आजीचे येसर लिहून घ्यावयाचे असेल तर ‘दोन वाट्या’ एवढे लिहून भागत नाही. ती वाटी कोणती? पितळेची, कानाकोपऱ्याला चेपलेली, जी फक्त तिच्याच फडताळात आहे ती! ती वाटी एकदा मोजून घ्यावी आणि तिचे माप वहीत लिहावे. गहू आणि डाळ किती भाजायची हे आजी ‘वास सुटेपर्यंत’ असे सांगेल. ते तिच्याच शब्दांत लिहावे, सुधारू नये. जात्यावरच्या ओव्यांचेही तेच. शुद्ध करून लिहिलेली ओवी गाताना अडखळते.

आणि आठवणी जुळत नाहीत तेव्हा काय करावे, हा प्रश्न घरोघर येतो. मोठे काका रझाकारांच्या दिवसांतली गाव सोडल्याची हकिकत एक सांगतात, आत्या दुसरीच सांगते. वाद होतो आणि वही मिटते. चक्रधरस्वामींच्या मागे तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांपुढे हाच प्रश्न होता. स्वामींच्या सहवासातील माणसे जेथे असतील तेथे जाऊन त्यांनी आठवणी गोळा केल्या, त्या नागदेवाचार्यांपुढे ठेवून पारखून घेतल्या, आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे धामधुमीत मूळ प्रत हरवली, तेव्हा हिराइसेसारख्या, तो पाठ मुखोद्गत असलेल्या शिष्यांकडून तो पुन्हा उभा करावा लागला. अशा ठिकाणी आठवणींचा मेळ बसला नाही तर महानुभावांनी एक खरी आणि दुसरी खोटी असे ठरवून दुसरी पुसली नाही. अमुक असे म्हणतात, तमुक तसे म्हणतात, असे नावानिशी दोन्ही पाठ ठेविले. काकांची हकिकत काकांच्या नावावर लिहावी, आत्याची आत्याच्या. खाली तारीख घालावी, आणि पुढच्या ओळीसाठी थोडी जागा कोरी सोडावी, कारण धाकट्या मावशीस अजून विचारलेले नाही.