जमिनीखालचा पुरावा आणि जमिनीवरचा कोट : फोर्ट नेसेसिटी येथील मेढेकोटाची पुनर्रचना

प्रस्तावना

दगडी किल्ला ढासळला तरी त्याचे जोते उरते आणि त्यावरून मूळ वास्तूचा आराखडा सहसा मांडता येतो. लाकडी कोटाचे तसे नसते. तो जाळला गेला, कुजला किंवा सरपणासाठी उपटला गेला, की जमिनीच्या वर त्याची खूण राहत नाही. सतराव्या आणि अठराव्या शतकांत इंग्रज व फ्रेंच वसाहतकारांनी उत्तर अमेरिकेच्या अंतर्भागात उभारलेले बहुतेक प्रारंभीचे किल्ले याच प्रकारचे होते. शेजारी शेजारी रोवलेल्या उभ्या खांबांच्या अशा तटबंदीला मराठीत ‘मेढेकोट’ हा नेमका शब्द आहे. मेढ म्हणजे जमिनीत रोवलेला जाड खांब. या नेमक्या शब्दाऐवजी ‘लाकडी कुंपण’ असे भाषांतर केल्यास दोन भिन्न रचनांची गल्लत होते. ही गल्लत पुनर्रचनेच्या कामात कशी महाग पडते, हे पुढे दिसेल.

प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील फोर्ट नेसेसिटी या किल्ल्याच्या पुनर्रचनेचे विवेचन केले आहे. हा किल्ला विसाव्या शतकात दोनदा बांधला गेला, आणि त्यांपैकी पहिल्या वेळी त्याचा आकारच चुकला. त्यामुळे लाकडी तटबंदीच्या ऐतिहासिक अचूकतेचा प्रश्न समजून घेण्यासाठी हे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते.

किल्ला आणि लढाई

इ. स. १७५४ च्या उन्हाळ्यात ओहायो नदीच्या खोऱ्यावरील ताब्यासाठी इंग्रज व फ्रेंच यांच्यात संघर्ष पेटला होता. व्हर्जिनियाच्या तुकडीचे नेतृत्व २२ वर्षांच्या जॉर्ज वॉशिंग्टनकडे होते. २८ मे रोजी झुमोंव्हिल या फ्रेंच अधिकाऱ्याच्या तुकडीशी चकमक होऊन तो मारला गेला. फ्रेंचांचा प्रतिहल्ला अटळ असल्याने ‘ग्रेट मेडोज’ नावाच्या दलदलीच्या कुरणात घाईने एक कोट उभारण्यात आला. जूनच्या आरंभी तो पूर्ण झाला. ३ जुलै रोजी झुमोंव्हिलचा भाऊ कूलाँ द व्हिलिये सुमारे ६०० फ्रेंच आणि १०० मूलनिवासी सैनिकांसह चालून आला. वॉशिंग्टनकडे सुमारे ४०० माणसे होती. दिवसभर पाऊस पडत राहिला, खंदकांत पाणी भरले, दारू भिजली आणि रात्री शरणागतीच्या अटी मान्य कराव्या लागल्या. वॉशिंग्टनच्या आयुष्यातील ही एकमेव शरणागती होय. विजयी सैन्याने कोट उद्ध्वस्त केला आणि ते परत फिरले.

पुढे कुरणात उरले ते मातीचे ठेंगणे बांध. १८१६ मध्ये फ्रीमन लुईस याने त्यांची मोजणी करून किल्ला त्रिकोणी असल्याचे नोंदविले. १९०१ च्या मोजणीत त्याच बांधांवरून आकृती जवळजवळ चौकोनी निघाली. एकाच जागेच्या दोन मोजण्या दोन वेगळे आकार देतात, तेव्हा मोजणाराच्या कौशल्यापेक्षा त्याच्या गृहीतकाकडे पाहणे आवश्यक ठरते. मातीचा बांध म्हणजेच मेढेकोटाची रेषा, हे गृहीतक दोन्ही मोजण्यांत समान होते.

१९३२ ची भिंत

वॉशिंग्टनच्या जन्माची द्विशताब्दी १९३२ मध्ये साजरी होत असताना फोर्ट नेसेसिटी पुन्हा उभारण्यात आला. त्यासाठी १९०१ ची आकृती प्रमाण मानली गेली आणि बांधांच्या रेषेवर चौकोनी कोट उभा राहिला. आश्चर्याची बाब अशी की, त्याविरुद्ध जाणारा लेखी पुरावा अस्तित्वात होता. लढाईनंतर पाच वर्षांनी, १७५९ मध्ये, कर्नल जेम्स बर्ड या जागेवरून गेला होता. त्याच्या रोजनिशीत कोट लहान व वर्तुळाकार असल्याचे, मध्यभागी एक छोटे घर असल्याचे आणि कोटाबाहेर सुमारे आठ वारांवर लहान खंदक असल्याचे नमूद आहे. खंदक आणि मेढेकोट या दोन वेगळ्या रेषा आहेत, ही गोष्ट या नोंदीत स्पष्ट होती. परंतु डोळ्यांना दिसणारा बांध कागदावरील एका ओळीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटला असावा. शिवाय उत्सवाचा मुहूर्त ठरला, की संशोधनाला थांबायला कोणी सांगत नाही. ते आपोआप थांबते.

हॅरिंग्टन यांचे उत्खनन

१९५४ मध्ये लढाईला २०० वर्षे पूर्ण होणार होती. त्यापूर्वी, १९५२-५३ मध्ये, राष्ट्रीय उद्यान सेवेचे पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी या जागेचे उत्खनन केले. हॅरिंग्टन यांचे मूळ शिक्षण वास्तुशास्त्राचे होते आणि जेम्सटाउन येथील वसाहतकालीन अवशेषांवर त्यांनी पूर्वी काम केले होते. त्यांना १९३२ च्या भिंतीच्या आत एक वर्तुळाकार चर सापडला. त्याचा व्यास ५३ फूट होता. ग्रेट मेडोजच्या ज्या ओलसर जमिनीने वॉशिंग्टनचा घात केला, तिनेच इतिहासाला साहाय्य केले. पाण्याने सतत भिजलेल्या मातीत हवा पोहोचत नसल्याने मेढींचे जमिनीखालचे बुंधे जवळजवळ दोन शतके टिकून राहिले होते.

या बुंध्यांनी केवळ आकाराचाच प्रश्न सोडविला नाही. लाकूड पांढऱ्या ओकचे होते. बहुतेक ओंडके पाचर ठोकून उभे चिरलेले होते व त्यांची सपाट बाजू बाहेरच्या दिशेला होती. दोन मेढींमधील फटी लहान खांबांनी बुजविलेल्या होत्या. घाईत काम करणाऱ्या तुकडीने एका ओंडक्यातून दोन मेढी काढल्या, असा याचा अर्थ लावता येतो. वर्तुळाचा परीघ सुमारे १६६ फूट भरतो. एका मेढीची रुंदी दहा इंच धरल्यास साधारण २०० मेढी लागतात, म्हणजे निम्मेच ओंडके पुरतात. जून महिन्यातील त्या काही दिवसांच्या श्रमांचे गणित येथे जुळते. १७५४ च्या ऑगस्टमध्ये या मोहिमेतील जॉन शॉ नावाच्या सैनिकाने दिलेल्या जबानीतही छोट्या घराभोवती उभारलेल्या लहान वर्तुळाकार कोटाचे वर्णन आहे. रोजनिशी, जबानी आणि जमीन या तिन्हींची साक्ष एकच निघाली. चौकोनी भिंत काढून टाकण्यात आली आणि १९५४ पूर्वी तिच्या जागी वर्तुळाकार मेढेकोट उभा राहिला.

आकार बदलल्याने लढाईचा अर्थही बदलला. ५३ फूट व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे २,२०० चौरस फूट होते. मधल्या कोठाराची जागा वजा केली तर ४०० माणसांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पाच चौरस फूट येतात. सैन्य कोटात राहून लढले असणे शक्यच नव्हते. कोट होता तो दारू, धान्य आणि जखमी यांच्यासाठी. लढणारी माणसे बाहेरच्या खंदकांत, पावसात होती. १९३२ ची भिंत पाहणाऱ्या प्रेक्षकासमोर तटाआडून लढणाऱ्या सैन्याचे चित्र उभे राहत असे. एकवीस वर्षे त्या जागेने लोकांना चुकीची लढाई शिकविली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

लाकूड उरत नाही तेव्हा

फोर्ट नेसेसिटीसारखे बुंधे सर्वत्र मिळत नाहीत. बहुतेक ठिकाणी अभ्यासकाच्या हाती मातीचा रंग तेवढा येतो. मेढेकोटासाठी सलग चर खणून त्यात खांब उभे केले जातात आणि चर पुन्हा भरला जातो. भरताना वरची काळी माती आणि खालची पिवळसर माती एकमेकींत मिसळते, ती पुन्हा कधीच वेगळी होत नाही. खांब कुजला की त्याच्या जागी गडद ठसा उरतो. कुंपणाचे अवशेष निराळे असतात. त्यात सलग चर नसून ठराविक अंतरावर सुटे खड्डे असतात, कारण मधल्या आडव्या दांड्यांवर फळ्या ठोकलेल्या असतात. सलग चर की सुटे खड्डे, एवढ्याशा फरकावरून ती रचना शत्रूसाठी होती की गुरांसाठी, याचा पहिला अंदाज बांधता येतो. अर्थात खांब-फळ्यांची तटबंदीही काही वसाहतींत होती, म्हणून हा अंदाज अंतिम मानता येत नाही.

व्हर्जिनियातील जेम्सटाउन येथील १६०७ चा त्रिकोणी किल्ला नदीने गिळला, असा दीर्घकाळ समज होता. १९९४ पासून विल्यम केल्सो यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उत्खननात तटाच्या चरांचे ठसे सापडले आणि किल्ल्याचा बहुतांश भाग जमिनीवरच असल्याचे सिद्ध झाले. विल्यम स्ट्रेची याने १६१० च्या वृत्तांतात नदीकडील बाजू १४० वार आणि इतर दोन बाजू प्रत्येकी १०० वार दिल्या आहेत, तर क्षेत्रफळ सुमारे अर्धा एकर सांगितले आहे. प्रत्यक्षात त्याच्याच मापांच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ एक एकराहून किंचित अधिक भरते. सापडलेल्या रेषा त्याच्या लांबीच्या आकड्यांशी मिळत्याजुळत्या आहेत. एकाच साक्षीदाराचा एक आकडा ग्राह्य आणि दुसरा अग्राह्य ठरतो, हे ऐतिहासिक साधनांच्या अध्यापनात आवर्जून सांगण्यासारखे आहे.

उंची, काळ आणि कूज

तथापि जमीन उंची सांगत नाही. चराच्या खोलीवरून अंदाज करता येतो. जेम्सटाउनच्या मेढी चार फूट खोल रोवल्याचे स्ट्रेची नमूद करतो, त्यावरून वरचा भाग बराच उंच असणार, इतकेच म्हणता येते. मेढींची टोके तासलेली होती की बोथट, आतून आडवा पट्टा होता की नाही, हे प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतात. पुनर्रचनेत मात्र टोकाला काही ना काही आकार द्यावाच लागतो. पेन्सिलीसारखी एकसारखी टोके आणि विजेच्या खांबांसारखे गुळगुळीत ओंडके ही अशा वेळी हमखास दिसणारी सोय आहे. कुऱ्हाड व पाचर यांनी केलेले काम कधीच इतके सारखे नसते.

दुसरी अडचण काळाची आहे. जेम्सटाउनचा तट जून १६०७ मध्ये उभा राहिला आणि मे १६१० मध्ये थॉमस गेट्स तेथे पोहोचला तेव्हा तो मोडून पडलेला होता. मग पुनर्रचना कोणत्या वर्षाची करावयाची? नवा कोरा कोट उभारला तर तो तेथील उपासमारीच्या हिवाळ्याबद्दल काहीच बोलत नाही.

१९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि उत्खनित स्थळी नव्याने बांधकाम करणे मुळातच वर्ज्य आहे. ही भूमिका दगडी वास्तू समोर ठेवून मांडलेली दिसते. दगडाचा भग्नावशेष स्वतः काही सांगू शकतो. रिकामे कुरण सामान्य प्रेक्षकाला काहीच सांगत नाही. म्हणून लाकडी कोटाच्या बाबतीत सनदेचा पहिला भाग कसोशीने पाळावा आणि दुसऱ्यात सवलत घ्यावी, हे अधिक व्यवहार्य वाटते. जेम्सटाउन येथे तटाचे काही भाग मूळ रेषेवर नव्याने उभारले आहेत, तर काही इमारतींचे केवळ लाकडी सांगाडे दाखविले आहेत. जेवढे ठाऊक तेवढेच बांधले, हे त्यातून पाहणाऱ्याला न सांगता कळते.

लाकडाची कूज मात्र कोणतीही सनद जुमानत नाही. खांब सर्वप्रथम कुजतो तो जमिनीच्या पातळीला, कारण तेथे ओल आणि हवा एकत्र येतात. पांढऱ्या ओकचा गाभा बराच टिकतो, पण कोवळ्या झाडात गाभा कमी आणि बाहेरचे रसकाष्ठ अधिक असते. स्ट्रेचीने कोवळ्या ओकचाच उल्लेख केला आहे. मूळ जातीचे, रसायन न लावलेले लाकूड वापरावे तर मेढी वारंवार बदलाव्या लागतात. रसायन लावावे तर रंग आणि पोत बदलतो. त्यातही, मेढ बदलताना पुन्हा त्याच चरात खणावे लागते. ज्या भागाचे उत्खनन झालेले नाही तेथे असे प्रत्येक खणणे मूळ ठसा पुसून टाकते. त्यामुळे पुनर्रचनेचा आराखडा करताना चराचा कोणता भाग न उकरता आणि न बांधता तसाच ठेवायचा, हे पहिली मेढ रोवण्यापूर्वीच ठरवावे लागते.