नाव नसलेली महाराणी

आमच्या बचत गटाची बैठक संपली की चहाबरोबर गप्पा रंगतात. परवा एकीने टीव्हीवर ‘जोधा अकबर’ पाहिला होता. तिने विचारलं, “ताई, जोधाबाई खरंच होती का हो?”

बी.ए.ला इतिहास होता, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “राणी होती, नाव मात्र ते नव्हतं.”

1562 मध्ये आमेरच्या राजा भारमलने आपली मुलगी अकबराला दिली. बादशहा तेव्हा एकोणीस वर्षांचा. लग्न राजकारणाचंच होतं. तिचा भाऊ भगवंतदास आणि भाचा मानसिंग पुढे दरबारात मोठ्या पदांवर गेले. 1563 मध्ये अकबराने हिंदूंच्या तीर्थयात्रेवरचा कर काढला, 1564 मध्ये जिझिया रद्द केला. जनानखान्यात हिंदू राण्यांसाठी होमहवन चाले आणि बादशहाही त्यात भाग घेई, अशी तक्रार दरबारातल्याच बदायुनीने लिहून ठेवली आहे.

पण मैत्रिणींनो, सगळंच काही गोडगोड नव्हतं. याच बादशहाने 1568 मध्ये चितोड घेतलं, तेव्हा किल्ल्यात बायकांनी जोहार केला आणि हजारो सामान्य माणसं कापली गेली. सिनेमात हे कुठे दाखवतात?

1569 मध्ये त्या राणीच्या पोटी सलीम, म्हणजे पुढचा जहांगीर, जन्मला. तिला किताब मिळाला ‘मरियम-उझ-झमानी’. मात्र अबुल फजलने एवढा जाडजूड अकबरनामा लिहिला, त्यात तिचं माहेरचं नाव नाही! हरखाबाई, हीरकुंवर ही नावं नंतरची. जोधाबाई म्हणत ते जहांगीरच्या जोधपूरच्या राणीला, म्हणजे हिच्या सुनेला!

म्हणून ती पडद्याआड नुसती बसून राहिली, असं मात्र नाही. तिच्या नावाने हुकूम निघत. सुरतेहून तिची जहाजं व्यापाराला जात. तिच्या ‘रहीमी’ जहाजातून हजचे यात्रेकरूही जात. रजपूत घरात जन्मलेल्या बाईचं जहाज आणि हजची यात्रा! 1613 मध्ये पोर्तुगीजांनी ते पकडलं, तेव्हा जहांगीरने दमणवर फौज धाडली.

हे ऐकून सगळ्या गप्पच झाल्या. मग कोपऱ्यातल्या मावशी म्हणाल्या, “माझंपण माहेरचं नाव कुणाला ठाऊक नाही. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने दुसरंच लिहिलं. विचारलं कुणी?”

माझंही तसंच झालं होतं. बावीस वर्षं झाली, मी कधी बोलले नव्हते.

त्या दिवशी आम्ही गटाच्या वहीत एक रकाना वाढवला, माहेरच्या नावाचा. मावशींनी थरथरत्या हाताने स्वतः लिहिलं, ‘गोदावरी’. बादशहाच्या राणीला जे मिळालं नाही, ते आमच्या चाळीस पानी वहीत मावशींना मिळालं.