उंबऱ्याशी आलेले पाणी

पावसाचा जोर वाढला, की आमच्या मावशी रात्री दोनदा उठतात. एकदा स्वतःसाठी आणि एकदा अंगणातले पाणी कुठवर आले आहे ते पाहण्यासाठी. पुण्याच्या दक्षिण भागात, टेकडीच्या उतारावर, मावशी आणि काकांनी १९७९ मध्ये कर्ज काढून हे बैठे घर बांधले. चाळीसहून अधिक पावसाळ्यांत त्या घरात पाणी शिरले नव्हते. मग शेजारच्या मोकळ्या भूखंडावर भराव पडला, उंच सीमाभिंत आली, बारा मजली इमारत उभी राहिली. त्यानंतरच्या पहिल्याच मोठ्या पावसात स्वयंपाकघरात घोट्याएवढे पाणी साचले.

मावशींनी ही गोष्ट बंगळुरूच्या मुलाला वर्षभर सांगितली नाही. ‘‘सांगितले असते, तर घर विका आणि इकडे या, असे म्हणाला असता,’’ हे त्यांचे कारण. गोष्ट उघडकीला आली ती काकांच्या पायामुळे. काकांना जुना मधुमेह. गढूळ पाण्यात तळपायाला काहीतरी लागले, ते त्यांना जाणवलेच नाही. जखम भरायला अडीच महिने लागले.

आपल्यापैकी अनेकांच्या घराशेजारी आज असेच काही घडत असेल. म्हणून प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी. घरात शिरणारे पाणी हा केवळ भिंतींचा किंवा शेजाऱ्याशी भांडणाचा विषय नाही, तो घरातील ज्येष्ठांच्या प्रकृतीचा विषय आहे. आजार जसा लपवू नये, तसे हे पाणीही लपवू नये.

पाणी वाट का बदलते?

मोकळी जमीन पावसाचा बराचसा भाग मुरवून घेते. छप्पर, फरशी आणि काँक्रीट मात्र जवळजवळ सगळे पाणी पुढे ढकलतात. हिशेब साधा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. दोन हजार चौरस मीटरच्या भूखंडावर एका संध्याकाळी ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लाख लिटर पाणी होते; म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. पूर्वी यातले पुष्कळसे मातीत मुरत असे. आता ते सर्वच्या सर्व उताराकडे धावते, आणि उताराला आपले घर असते.

त्यात भरावामुळे शेजारची जमीन उंच होते. सीमाभिंतीमुळे पाण्याची जुनी फट बुजते. बांधकामाचा राडारोडा पावसाळी गटारात जातो. रस्त्यावर थरावर थर चढत जातात आणि एके काळी रस्त्याहून दोन पायऱ्या उंच असलेले जोते रस्त्याच्या खाली जाते. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने जीव घेतले, संसार वाहून नेले. शहराने ओढ्यानाल्यांची जागा आक्रसली, तरी पाणी आपली वाट विसरत नाही, हे त्या रात्रीने दाखवले.

उपाय शोधण्यापूर्वी निदान करावे. पाणी अंगणातून, दारातून आले, तर ते जमिनीच्या पृष्ठभागावरून वाहणारे पावसाचे पाणी आहे. न्हाणीघराच्या मोरीतून किंवा शौचालयातून उलटे आले आणि त्याला दुर्गंधी असली, तर मैलापाण्याची वाहिनी तुंबली आहे किंवा तिच्यात पावसाचे पाणी सोडले गेले आहे. भिंतीच्या तळाशी उन्हाळ्यातही ओल राहिली, तर शेजारची भूमिगत टाकी किंवा एखादी वाहिनी झिरपत असावी. तिन्हींचे उपाय निराळे आहेत आणि तक्रारीचे विभागही बहुधा निराळे आहेत.

ओल आणि उतारवय

तरुण माणूस घोटाभर पाण्यातून सहज चालत जातो. सत्तरीनंतर तेच पाणी धोक्याचे ठरते. पहिला धोका घसरून पडण्याचा. ओल्या फरशीवरच्या एका पावलाने खुब्याचे हाड मोडू शकते आणि चालता-फिरता माणूस अंथरुणाला खिळतो.

दुसरा धोका पायांचा. दीर्घकाळच्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते, त्यामुळे काच किंवा खिळा लागलेला समजत नाही. पाण्यात पाय गेला असेल, तर त्याच दिवशी पाय स्वच्छ धुवावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि तळवे आरशात पाहावेत किंवा घरातील कोणाकडून तरी पाहून घ्यावेत.

तिसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर व अन्य प्राण्यांच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि त्वचेवरील बारीक जखमेतून शरीरात शिरतात. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरानंतर या आजाराची मोठी साथ आली होती. ताप साधारणतः एक ते दोन आठवड्यांत येतो, क्वचित महिन्याभरानेही. पोटऱ्या खूप दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे किंवा कावीळ दिसणे ही लक्षणे असतील, तर थांबू नये. डॉक्टरांना ‘मी साचलेल्या पाण्यात गेलो होतो’ हे वाक्य आवर्जून सांगावे. पुष्कळदा निदान त्याच वाक्यावर होते. प्रतिबंधक गोळी द्यावी की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

पाणी ओसरल्यानंतर डासांचे दिवस सुरू होतात. डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला कित्येक महिने तग धरतात, म्हणून भांडी केवळ रिकामी न करता आठवड्यातून एकदा घासावीत. डेंग्यूची शंका असताना तापासाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन आपल्या मनाने घेऊ नये. हृदयरोगासाठी ॲस्पिरिन रोजच चालू असेल, तर ती मनाने बंदही करू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

भूमिगत टाकीत गढूळ पाणी शिरले, तर जुलाब, विषमज्वर आणि कावीळ यांचा धोका असतो. ओलसर भिंतींवरील बुरशीने दम्याचा आणि जुन्या खोकल्याचा त्रास वाढतो. आणि मावशींसारखी रात्रीची जाग? अपुरी झोप आणि सततची धास्ती रक्तदाबाला मानवत नाही. तिचीही गणना दुखण्यातच करावी.

पहिले दोन दिवस

पाणी शिरू लागले, की सामानाच्या आधी माणसे हलवावीत. विजेचा मुख्य खटका, त्याच्यापर्यंत कोरड्या जागेवरून पोहोचता येत असेल तरच बंद करावा. प्लगपर्यंत पाणी चढले असेल, तर त्या खोलीत पाऊल टाकू नये. घरात ईएलसीबी बसवलेली नसल्यास पावसाळ्यापूर्वी बसवून घ्यावी.

पाणी उपसताना गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि रबरी हातमोजे वापरावेत. हे काम ज्येष्ठांनी करूच नये, हे उत्तम. फरशी आधी साबणाच्या पाण्याने आणि मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवावी, खिडक्या उघड्या ठेवून. ब्लीचिंग पावडरमध्ये ॲसिड किंवा शौचालय स्वच्छ करण्याचा द्राव कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. भूमिगत टाकी रिकामी करून, घासून, निर्जंतुक करून घ्यावी. तोवर पिण्याचे पाणी उकळूनच वापरावे. भिजलेली औषधे टाकून द्यावीत. रोजची औषधे, वैद्यकीय कागदपत्रे, चष्मा आणि विजेरी एका घट्ट झाकणाच्या डब्यात, हात पोहोचेल अशा उंचीवर, पावसाळाभर ठेवावीत.

नोंद आणि तक्रार

मावशींच्या घरी खरा बदल एका वहीने घडवला. प्रत्येक पावसानंतर काका तारीख, वेळ, पाणी कोणत्या बाजूने आले आणि भिंतीवरील खुणेपर्यंत किती चढले, हे लिहू लागले. नातीने मोबाइलवर छायाचित्रे काढली. जुन्या अल्बममध्ये १९९० च्या सुमाराचे एक छायाचित्र सापडले. त्यात शेजारचा भूखंड अंगणाच्या पातळीत होता आणि कडेचा चर स्पष्ट दिसत होता.

हे छायाचित्र का महत्त्वाचे? १८८२ च्या ईझमेंट कायद्यात असे तत्त्व आहे, की उंच जमिनीवरून नैसर्गिकरीत्या वाहत येणारे पाणी खालच्या जमिनीच्या मालकाने वाहू द्यावे. ‘‘पाणी तुमच्याकडे आधीपासूनच येत होते,’’ हे उत्तर म्हणूनच हमखास ऐकायला मिळते. त्याचा प्रतिवाद ‘नैसर्गिकरीत्या’ या एका शब्दात आहे. भराव घालून जमीन उंच करणे, चर बुजवणे, गच्चीचे पाणी नळीने शेजाऱ्याच्या बाजूला सोडणे, यांत नैसर्गिक काही नाही. आपली वही आणि जुने छायाचित्र हाच फरक दाखवतात.

प्रथम शेजारच्या सोसायटीशी किंवा विकसकाशी सौम्य शब्दांत, पण लेखी बोलावे. मग महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यावा. भराव आणि भिंतीची तक्रार बांधकाम विभागाकडे, वाहिन्यांची तक्रार मलनिस्सारण विभागाकडे. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय परतू नये. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी तक्रार नोंदली गेली, तर तिचे वजन अधिक असते.

मंजूर नकाशा आणि त्यातील पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था माहितीच्या अधिकारात मागता येते. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार, मुंबईसारखी काही क्षेत्रे वगळता, ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. ते प्रत्यक्षात केले आहे का, हा प्रश्न अर्जात जरूर विचारावा.

दाद मिळाली नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवरही मार्गदर्शन मिळते. शक्यतो एकट्याने जाऊ नये. आळीतील चार घरांच्या सह्यांचा अर्ज अधिक गांभीर्याने घेतला जातो, आणि मनालाही आधार होतो.

आपल्या बाजूने करण्याजोगेही काही असते. घराच्या शेवटच्या चेंबरवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला, की मैलापाणी उलटे येत नाही. अंगणाचा उतार घरापासून दूर करता येतो. उंबऱ्यापुढे जाळीचा चर काढता येतो. मात्र उंबराच उंच केला, तर ज्येष्ठांना ठेच लागण्याचा धोका वाढतो. तो उपाय करायचाच असेल, तर शेजारी भक्कम कठडा हवा.

घरच्यांसाठी दोन शब्द

आई-वडिलांच्या घरात पाणी शिरल्याचे कळताच ‘‘घर विका’’ हे आपले पहिले वाक्य असू नये. ते वाक्य ऐकावे लागेल या भीतीनेच पुढच्या वेळी पाणी लपवले जाते. त्याबरोबर पायाची जखम आणि तापही लपतो. पहिला प्रश्न ‘‘पाय दाखव बघू’’ असा असावा. अर्ज टंकून देणे, कार्यालयात सोबत जाणे, पावसाच्या रात्री झोपण्यापूर्वी एक फोन करणे, ही मदत दूर राहूनही बऱ्याच अंशी करता येते. घर सोडायचे की नाही, हा निर्णय त्यांना कोरड्या जमिनीवर उभे राहून, शांतपणे घेऊ द्यावा.

मावशींच्या अर्जावर सात महिन्यांनी पाहणी झाली. विकसकाने सीमाभिंतीलगत चर काढून तो पावसाळी गटाराला जोडला. रस्ता अजून उंचच आहे आणि फार मोठ्या पावसात अंगणात थोडे पाणी येते. स्वयंपाकघर मात्र गेले दोन पावसाळे कोरडे आहे. काकांची वही चालूच आहे. मावशी रात्री अजून एकदा उठतात. पूर्वी अंधारात एकट्याच दाराशी जात. आता दिवा लावतात, काकांना हाक मारतात आणि सकाळी मुलाला फोनवर पाणी किती चढले ते सांगतात.