एका रहिवाशाचे गाव

‘गाव’ हा शब्द उच्चारताच भारतीय वाचकाच्या मनात एक विशिष्ट चित्र उभे राहते. वेस, देऊळ, विहीर, पिढ्यान्‌पिढ्यांची घरे आणि ते केव्हा वसले हे कोणालाच निश्चितपणे सांगता येऊ नये इतके जुने अस्तित्व, ही त्या चित्राची ठळक लक्षणे होत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मध्यपश्चिम भागात, विस्तीर्ण गवताळ मैदानावर वसलेली खेडी याहून अगदी निराळी आहेत. त्यांचे जन्मवर्ष कागदोपत्री नोंदलेले असते. त्यांचे रस्ते वस्ती होण्यापूर्वीच नकाशावर आखलेले असतात. त्यांपैकी कित्येकांची अखेरही एका माणसाच्या आयुष्यात, त्याच्या डोळ्यांदेखत झालेली असते.

नेब्रास्का राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, साउथ डकोटा राज्याच्या सीमेजवळ असलेले मोनोवाय हे खेडे या प्रकाराचे अखेरचे टोक म्हणता येईल. २०१० सालच्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या ‘१’ अशी नोंदली गेली. ते ओसाड पडलेले ठिकाण नव्हते. कायद्याने स्थापन झालेली, स्वतःचे स्थानिक शासन असलेली ती एक ग्रामसंस्था होती. एकच रहिवासी असलेली अशी दुसरी ग्रामसंस्था त्या जनगणनेत साऱ्या देशात नव्हती. दीडशे माणसांच्या गावात एकच माणूस का उरावा आणि तो एक माणूस उरला तरी गाव ‘गाव’ म्हणून कसे टिकावे, हे दोन प्रश्न समजून घेतले म्हणजे मध्यपश्चिम अमेरिकेच्या ग्रामजीवनाचा बराचसा इतिहास उलगडतो.

नायोब्रारा नदी आणि पोंका नावाचा प्रवाह यांच्या मधला हा मुलूख मुळात पोंका जमातीचा. मका पिकवणारे व रानरेड्यांची शिकार करणारे हे लोक संख्येने थोडे होते आणि अमेरिकन शासनाशी त्यांनी कधी युद्ध केले नव्हते. परंतु १८६८ साली शासनाने सू जमातीशी जो तह केला, त्यात पोंकांची भूमी चुकीने सू लोकांच्या वाट्याला देऊन टाकली गेली. ही चूक दुरुस्त करण्याऐवजी १८७७ साली पोंकांनाच दक्षिणेकडे, आजच्या ओक्लाहोमा राज्याच्या प्रदेशात, हलवण्यात आले. त्या परक्या हवेत रोगराईने अनेक माणसे दगावली. त्यांत स्टँडिंग बेअर या त्यांच्या नायकाचा मुलगाही होता. आपल्याला पूर्वजांच्या भूमीतच पुरावे, अशी त्याची अखेरची इच्छा होती. ती पुरी करण्यासाठी १८७९ च्या जानेवारीत स्टँडिंग बेअर सुमारे तीस सोबत्यांसह भर हिवाळ्यात उत्तरेकडे निघाला आणि वाटेत सैन्याने त्याला अटक केली.

ओमाहा येथे चाललेल्या खटल्यात सरकारी पक्षाचा युक्तिवाद असा होता की, कायद्याच्या अर्थाने इंडियन हा ‘व्यक्ती’ या संज्ञेत मोडत नाही आणि म्हणून न्यायालयाकडे दाद मागण्याचा त्याला अधिकार नाही. न्यायमूर्ती एल्मर डंडी यांनी १२ मे १८७९ रोजी दिलेल्या निकालात हा युक्तिवाद फेटाळला. इंडियन हाही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. स्टँडिंग बेअरची सुटका झाली आणि मुलाच्या अस्थी नायोब्राराच्या काठी विसावल्या. माणूस माणूस म्हणून गणला जावा यासाठी ज्या प्रदेशातील एका नायकाला न्यायालयाची पायरी चढावी लागली, त्याच प्रदेशात पुढे एका माणसाची मोजणी हा कुतूहलाचा विषय व्हावा, हा इतिहासातील विलक्षण योग होय.

मूळ रहिवासी दूर झाल्यावर नव्या वसाहतकारांसाठी भूमी मोकळी झाली. १८६२ सालच्या ‘होमस्टेड’ कायद्यान्वये कोणाही प्रौढ कुटुंबप्रमुखाला १६० एकर सरकारी जमीन जवळजवळ विनामूल्य मिळू शकत असे. तेथे घर बांधून पाच वर्षे राहणे व जमीन कसणे एवढीच मुख्य अट होती. मोनोवाय ज्या बॉइड कौंटीत, म्हणजे आपल्याकडील तालुक्याशी तुलना करता येईल अशा प्रशासकीय विभागात, मोडते, तेथे १८९० साली अवघी ६९५ माणसे होती. १९०० साली ती ७,३३२ झाली आणि १९१० साली ८,८२६. वीस वर्षांत बारा पटींहून अधिक झालेली ही वाढ जन्मदराने झालेली नव्हती. ती जमिनीच्या ओढीने आलेल्या कुटुंबांची होती.

या कुटुंबांच्या मागोमाग आगगाडी आली. फ्रीमाँट, एल्कहॉर्न अँड मिझुरी व्हॅली या कंपनीचा लोहमार्ग या भागात पोहोचला तेव्हा १९०२ साली मोनोवायची आखणी झाली आणि त्याच वर्षी तेथे टपाल कचेरी उघडली. मोनोवाय या नावाचा अर्थ एका इंडियन भाषेत ‘फूल’ असा आहे, असे सांगतात. गावाच्या जागी रानफुले विपुल होती, म्हणून हे नाव पडले म्हणे.

अशा गावांची जागा कोणत्या हिशेबाने ठरत असे, हे ध्यानात घेतले पाहिजे. घोडागाडीत धान्य भरून शेतकऱ्याने सकाळी निघावे, स्थानकावर माल उतरवावा, दुकानातून मीठ, साखर, खिळे, कापड घ्यावे आणि दिवेलागणीपूर्वी घरी परतावे, एवढ्या अंतरावर स्थानके असणे आवश्यक होते. त्यामुळे लोहमार्गालगत दर काही मैलांवर एक गाव निर्माण झाले. प्रत्येक गावात धान्याचे कोठार, किराणा दुकाने, शाळा, प्रार्थनामंदिर आणि मद्यालय यांची जवळपास सारखीच मांडणी दिसे. घोड्याच्या चालीने ठरवलेले अंतर हाच या गावांचा पाया होता, आणि तो पाया डळमळला तेव्हा गावेही डळमळली.

१९३० च्या दशकात मोनोवाय भरभराटीस आले होते. त्या काळी तेथे सुमारे दीडशे माणसे राहत असल्याचे सांगितले जाते. किराणा मालाची तीन दुकाने गावात होती. पण हेच दशक मैदानी प्रदेशाला अवर्षण, धुळीची वादळे आणि धान्याच्या कोसळलेल्या किमती घेऊन आले. कर्जात बुडालेल्या अनेक कुटुंबांनी शेते सोडली. जी टिकून राहिली त्यांच्या हाती ट्रॅक्टर आला, आणि ज्या कामाला पूर्वी अनेक हात व घोडे लागत ते एक माणूस करू लागला. १६० एकरांची शेती आता यंत्राच्या खर्चाला पुरेना, म्हणून टिकलेल्याने सोडून गेलेल्या शेजाऱ्याची जमीन घेतली. १९३५ साली संपूर्ण देशात सुमारे ६८ लक्ष शेते होती व प्रत्येक शेत सरासरी १५५ एकरांचे होते. २०१७ साली शेतांची संख्या सुमारे २० लक्षांवर आली आणि सरासरी क्षेत्र ४४१ एकर झाले.

जमीन पडीक पडली नाही, तिच्यावर राहणारी माणसे मात्र कमी झाली. माणसे कमी झाली म्हणजे दुकानाला गिऱ्हाइके मिळत नाहीत, शाळेला मुले मिळत नाहीत. मोटार आणि पक्का रस्ता आल्यावर सात मैलांवरील दुकानाऐवजी पन्नास मैलांवरील मोठ्या बाजारपेठेत जाणे सोयीचे वाटू लागते. शाळा संपवून बाहेर पडलेली मुले ओमाहा, लिंकन यांसारख्या शहरांत नोकरी धरतात. नेब्रास्का राज्याची लोकसंख्या १९३० साली सुमारे १३ लक्ष ७८ हजार होती. २०२० साली ती १९ लक्ष ६१ हजारांच्या वर गेली. त्याच काळात बॉइड कौंटीची लोकसंख्या ७,१६९ वरून १,८१० पर्यंत घसरली.

मोनोवायमध्ये ही घसरण एकेक दार बंद होत जाण्याच्या रूपाने दिसली. १९६७ साली टपाल कचेरी बंद झाली. १९७० पर्यंत शेवटचे किराणा दुकानही मिटले. १९७४ साली शाळेला टाळे लागले. पुढे लोहमार्गही राहिला नाही. १९९० च्या जनगणनेत गावात सहा माणसे होती. २००० साली दोन उरली, ती म्हणजे गावातील मद्यालय चालवणारे एक दांपत्य. २००४ साली पतीचे निधन झाले आणि पत्नी एकटीच मागे राहिली.

येथून मोनोवायची कथा इतर उजाड गावांहून वेगळी होते. गावाची ग्रामसंस्था विसर्जित करण्याचा मार्ग या वृद्ध स्त्रीला मोकळा होता. तिने तो पत्करला नाही. ती स्वतःच गावाची नगराध्यक्ष, चिटणीस व खजिनदार झाली. मद्यविक्रीच्या परवान्यासाठी दुकानदार या नात्याने ती अर्ज करी आणि गावाची अधिकारी या नात्याने तो मंजूर करी. रस्त्यांच्या देखभालीची योजना ती दरवर्षी राज्य शासनाकडे पाठवी, कारण त्यावाचून निधी मिळत नसे. गावातील चार दिवे जळत राहावेत आणि पाणीपुरवठा चालू राहावा म्हणून वर्षाकाठी सुमारे ५०० डॉलर कर ती स्वतःकडूनच वसूल करी.

याकडे केवळ गंमत म्हणून पाहणे योग्य होणार नाही. तिच्या मद्यालयात जेवण मिळे, आणि आसपासच्या शेतांवरील माणसे कित्येक मैलांवरून तेथे येऊन पत्ते खेळत, पिकापाण्याच्या गोष्टी करीत. टपाल कचेरी, दुकान, शाळा ही भेटण्याची सारी ठिकाणे नाहीशी झालेल्या परिसरात एकत्र बसण्याची ती एक जागा उरली होती. तिच्या पतीला वाचनाची विलक्षण आवड होती. त्याच्या मृत्यूनंतर त्याने जमवलेली सुमारे ५,००० पुस्तके एका लहानशा खोपटात मांडून तिने त्याच्या नावाचे ग्रंथालय उघडले. रहिवासी एक असला तरी वाचक अनेक असू शकतात, हे त्या ग्रंथालयाने दाखवून दिले.

२०२० सालच्या जनगणनेने या कथेत एक अनपेक्षित भर घातली. अधिकृत आकडेवारीत मोनोवायची लोकसंख्या ‘२’ अशी प्रसिद्ध झाली. प्रत्यक्षात गावात दुसरे कोणीही राहावयास आलेले नव्हते. याचे कारण जनगणनेच्या नव्या पद्धतीत होते. जनगणनेत दिलेली कोणाचीही व्यक्तिगत माहिती उघड होऊ नये, असे अमेरिकन कायद्याचे बंधन आहे. एकाच माणसाच्या गावाचे वय, वंश, घर यांविषयीचे आकडे जसेच्या तसे छापले तर ते त्या माणसाचेच वर्णन ठरते. संगणकाच्या साहाय्याने निरनिराळ्या तक्त्यांची सांगड घालून माणूस ओळखणे आज सोपे झाले असल्याने जनगणना कार्यालयाने लहान वस्त्यांच्या आकड्यांत हेतुपुरस्सर थोडा फेरफार करण्याचे ठरवले. राज्याची एकूण लोकसंख्या मात्र अचूक ठेवली जाते. अशा रीतीने एका व्यक्तीचे खाजगीपण जपण्यासाठी कागदावर दुसरी व्यक्ती अवतरली.

ज्या भूमीतील माणसाला १८७९ साली आपण व्यक्ती आहोत हे न्यायालयात सिद्ध करावे लागले, तेथेच पुढे एका व्यक्तीचे अस्तित्व झाकण्यासाठी शासनाला आकडा बदलावा लागला. या दोन घटनांच्या मधल्या सुमारे १४० वर्षांत गाव जन्मले, वाढले आणि आटले. ज्या गरजेने ते वसवले ती गरज संपली तेव्हा लोकसंख्या ओसरली, हे अर्थशास्त्राचे साधे उत्तर झाले. परंतु गरज संपल्यावरही मोनोवाय पुढे अनेक वर्षे गाव राहिले, कारण त्याची कामे करणारे कोणीतरी तेथे होते. जनगणनेच्या तक्त्यात रहिवासी मोजले जातात. चार दिव्यांचे बिल भरणारे आणि वाटसरूसाठी दार उघडे ठेवणारे किती, यासाठी त्यात रकाना नसतो.