जुनं घर घेऊन विकायचंय? आधी वारस मोजा, मग खोल्या

आखातातून परतलेल्या आपल्या मुलांच्या तोंडी हल्ली एक विचार हमखास येतो. महाड किंवा पोलादपूरमध्ये एखादं जुनं, बंद घर स्वस्तात घ्यायचं, दुरुस्त करायचं आणि वर्षभरात नफ्याने विकायचं. अमेरिकेत याला 'हाऊस फ्लिपिंग' म्हणतात. मोबाईलवरच्या व्हिडिओत भिंतीला रंग लागतो, नवं किचन बसतं आणि घर विकलं जातं. आपल्याकडेही हे जमू शकतं. पण इथे नफा रंगात नसतो, तो खरेदीच्या दिवशीच ठरतो. म्हणून नवख्यांसाठी चार गोष्टी सांगतो.

घर नेमकं कुणाचं?

मोहल्ल्यातलं बंद घर बऱ्याचदा अजून आजोबांच्या किंवा अब्बांच्या नावावर असतं. विकायला पुढे येतो एक भाऊ. समजा, मयताच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि दोन मुली आहेत. सुन्नी वारसा कायद्याने पत्नीला आठवा हिस्सा मिळतो आणि उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे 24 पैकी प्रत्येक भावाचे 7 हिस्से. दोन्ही भावांनी सह्या केल्या तरी 10 हिस्से आई आणि बहिणींकडेच राहतात. भाऊ फक्त स्वतःचा हिस्सा विकू शकतो. "बहिणींची लग्नं झाली, त्यांचं आता काही नाही" हे ना शरीयतमध्ये बसतं, ना कोर्टात. सगळ्या वारसांची खरेदीखतावर सही घ्या, किंवा त्यांनी राजीखुशीने केलेलं नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहा.

एखादा वारस परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र भारतीय दूतावासातून साक्षांकित करून आणावं लागतं आणि इथे आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ते देणारा हयात आहे ना, हेही विचारा. तो वारला की साधं मुखत्यारपत्र संपतं.

कागद कोणता?

शहरात मिळकत पत्रिका पाहा. गावठाणात अनेकांकडे फक्त ग्रामपंचायतीचा नमुना 8 असतो. ती घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. सातबाऱ्यावर जमीन शेतीची असेल तर बिगरशेतकऱ्याला ती तशी घेता येत नाही. भोगवटादार वर्ग 2 असेल तर आधी परवानगी लागते.

नदी आणि पाया

22 जुलै 2021 चा सावित्रीचा पूर महाडकर विसरलेले नाहीत. त्याच दिवशी तळियेत आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे, सुतारवाडीत दरडी कोसळल्या. त्याआधी 24 ऑगस्ट 2020 ला काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून 16 जणांचा जीव गेला. ती इमारत जुनाट नव्हती. म्हणून घर निळ्या पूररेषेच्या आत आहे का, हे नगरपरिषदेत विचारा. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांच्या पुराची. शेजाऱ्यांना विचारा, पाणी कुठवर आलं होतं? फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र आणि स्ट्रक्चरल ऑडिट पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका.

हिशेब

एक उदाहरण घेऊ. घर 20 लाखांना घेतलं. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून 1.30 लाख, वकील आणि एजंट 40 हजार, दुरुस्ती 5 लाख, घरपट्टी-वीजबिल 30 हजार. एकूण 27 लाख. 31 लाखांना विकलं आणि एजंटला 2 टक्के दिले, तर हातात साधारण 3.38 लाख उरतात. आता दुरुस्ती दीड लाखाने वाढली आणि भाव 29 लाखच आला, तर उलट 8 हजारांचा तोटा. शिवाय 24 महिन्यांच्या आत विकलं तर नफा तुमच्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे कर लागतो. वारंवार असे व्यवहार केले तर तो धंदाही धरला जाऊ शकतो. आपल्या भागात गिऱ्हाईक लवकर मिळेलच असं नाही, म्हणून दोन वर्षं अडकले तरी चालतील एवढेच पैसे घाला.

व्याजाचं कर्ज नको असेल तर नातेवाईकांशी भागीदारी करा, पण लेखी. नफा ठरलेल्या प्रमाणात, तोटा भांडवलाच्या प्रमाणात. "दर महिन्याला इतके देतो" असं ठरवलं की ते व्याजच झालं.

आणि विकताना पुराची खूण रंगाखाली लपवू नका. गिऱ्हाईकाला सहज न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा, असं मालमत्ता हस्तांतरण कायदाही म्हणतो आणि आपला दीनही. त्या घरात उद्या कुणाची तरी मुलं झोपणार आहेत.

पहिल्या व्यवहारासाठी आमचा सल्ला इतकाच: घर आवडलं तर आधी रंगाऱ्याला नव्हे, त्या घरच्या सगळ्यात धाकट्या बहिणीला फोन करा. ती खुशीने हो म्हणाली, तरच पुढे जा.