दोन लाख किलोमीटर धावलेली वायर

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. तिच्या बॉनेटखाली इंजिनाकडे जाणाऱ्या वायरी अगदी थोड्या होत्या. सेल्फची जाड केबल, कॉइल आणि डिस्ट्रिब्युटरच्या वायरी, चार्जिंगच्या दोन-तीन, तापमानाच्या काट्याची एक, ऑइल प्रेशरच्या दिव्याची एक. गाडी मिसिंग मारू लागली की ड्रायव्हर स्वतःच प्लगची टोपी काढून ठिणगी पडते का ते बघायचा, आणि दोष बहुतेक वेळा तिथल्या तिथे सापडायचा.

आजच्या साध्या हॅचबॅकचं इंजिनही वायरींच्या जाड जुडग्यात, म्हणजे हार्नेसमध्ये, गुंडाळलेलं असतं. क्रँक, कॅम, पाणी, हवा, ऑक्सिजन, इंधनाचा दाब, थ्रॉटल, प्रत्येकाला सेन्सर. प्रत्येक सेन्सरला दोन-तीन वायरी. आणि त्या सगळ्यांचा शेवट इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, म्हणजे ईसीएमच्या, कपलरमध्ये. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर ही संख्या आणखी वाढली. तरीही जुनी गाडी घेताना आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, क्लच दाबून बघतो, टायरची नक्षी पाहतो, पण वायरिंगचं वय विचारत नाही. दोन लाख किलोमीटर धावलेल्या गाडीतली वायरही तितकीच धावलेली असते, आणि तिची झीज इंजिनाइतकीच खरी असते.

वायरीत तांब्यापेक्षा आधी थकतं ते तिच्यावरचं आवरण. स्वस्त आणि सर्वत्र वापरलं जाणारं आवरण पीव्हीसीचं. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्याला लवचीक ठेवण्यासाठी मऊ करणारी द्रव्यं मिसळलेली असतात. उष्णतेने ही द्रव्यं हळूहळू उडून जातात आणि आवरण कडक होतं, तडकतं, शेवटी त्याचे कपचे पडतात. मोटारीच्या वायरींसाठी आयएसओ ६७२२ या मानकात उष्णता सोसण्याचे वर्ग आहेत: ‘ए’ वर्ग ८५ अंश सेल्सिअसपर्यंत, ‘बी’ १००, ‘सी’ १२५, ‘डी’ १५०. इंजिनाजवळ वरच्या वर्गाची वायर लागते. पण कारखान्याने ती बरोबर घातली आणि नंतर कुणी दुरुस्तीच्या वेळी क्लिप न लावता तिला एक्झॉस्टच्या बाजूला लोंबकळत सोडलं, तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. घाट चढून माथ्यावर गाडी बंद केल्यावरचा काळही वाईट. पंखा थांबलेला, पाणी फिरायचं थांबलेलं, हवेचा झोत नाही. बॉनेटखालचं तापमान काही वेळ उलट वाढत जातं.

सामान्य वापराची गाडी या वाटेने पंधरा-वीस वर्षांत जाते. पण आवरणाचा माल चुकला की नामांकित कंपनीच्या गाड्याही फार लवकर जातात. स्वीडनच्या व्होल्वो २४० या दणकट गाडीच्या १९८० ते १९८७ मधल्या मॉडेलांत इंजिनाच्या हार्नेसचं आवरण भुगा होऊन गळायचं. गाडीचं यंत्र लाखो किलोमीटर टिकणारं, आणि ती बंद पडायची वायरीमुळे. मर्सिडीज-बेंझच्या साधारण १९९२ ते १९९६ च्या पेट्रोल गाड्यांचीही हीच कथा. पर्यावरणात विघटन होईल असं आवरण वापरल्याचं त्याबाबत सांगितलं जातं. ते इंजिनाच्या उष्णतेत ठिसूळ झालं, उघडी तांब्याची टोकं एकमेकांना चिकटू लागली, आणि थ्रॉटलच्या वायरींनाही तेच दुखणं लागलं. १९९५ मध्ये पुण्यात टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची डब्ल्यू १२४ मालिकेची गाडी जोडली जाऊ लागली ती याच पिढीची. पुण्या-मुंबईत आज कुणी ती हौसेने जपत असेल, तर त्याने रंग आणि क्रोमच्या आधी इंजिनाचा हार्नेस उघडून बघावा.

उष्णतेखेरीज आणखी शत्रू आहेत. कोकणपट्टीत आणि गोव्यात खारी हवा कपलरच्या पिनांवर हिरवा कळक चढवते. आवरणाला बारीक चीर असेल तर ओलावा आत शिरतो आणि तांबं आतल्या आत काळं पडत जातं; बाहेरून वायर शाबूत दिसते. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी पावसाळ्यानंतर प्रत्येक गॅरेजमध्ये दिसतात. (होंडा कंपनी यावर मिरचीतलं कॅप्सायसिन लावलेली टेप विकते.) आणि एक दोष फार कमी लोकांना माहीत असतो: ऑइलमध्ये बसलेल्या सेन्सरचं सील गेलं, की समईच्या वातीत चढावं तसं तेल तांब्याच्या तारांमधून चढत जातं आणि मीटरभर दूर असलेल्या ईसीएमच्या कपलरमध्ये झिरपतं. ईसीएमचा कपलर काढल्यावर पिना तेलकट दिसल्या तर ईसीएमला दोष देण्याआधी ते तेल कुठून आलं ते शोधायचं.

माणसाने केलेलं नुकसान मात्र या सगळ्यांवर कडी करतं. फॉग लॅम्प, हॉर्न, म्युझिक सिस्टिम, अँटी-थेफ्ट, यांसाठी मूळ वायर सोलून त्यावर गुंडाळलेला जॉइंट आणि वर काळी टेप. सीएनजी किट बसवताना तर पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी मध्ये छेदाव्या लागतात. काम नीट झालं तर हरकत नाही. घाईत झालं तर चार-पाच वर्षांनी नेमके तेच जॉइंट सैल पडतात. वाहन खूप चाललेलं असेल आणि त्यात बाहेरून बसवलेलं काही असेल, तर मी तपास तिथूनच सुरू करतो.

आता दोष ओळखायचा कसा? इथे सर्वांत मोठा घोळ स्कॅनरमुळे होतो, आणि त्यात स्कॅनरचा दोष नाही. ‘पी ०३३५’ असा कोड आला की क्रँक सेन्सर गेला असं समजून नवा बसवला जातो. पण त्या कोडचा मूळ अर्थ क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड असा आहे. सर्किटमध्ये सेन्सर येतो, तसे कपलर, वायर, अर्थ आणि ईसीएमची पिनही येते. सेन्सर बदलून कोड पुन्हा आला, तर दुसरा सेन्सर आणण्याऐवजी वायरीकडे वळलं पाहिजे.

याहून अवघड दोष म्हणजे ज्यात कोडच येत नाही. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर घ्या. तो गार असताना, म्हणजे २० अंशाला, त्याचा रोध साधारण अडीच हजार ओहम असतो, आणि इंजिन ९० अंशाला तापल्यावर अडीचशेच्या आसपास येतो. समजा कपलरच्या पिनेवर कळक चढून २०० ओहमचा जादा रोध तयार झाला. सकाळी, गार इंजिनावर, अडीच हजारांत दोनशे मिळवून काही फरक पडत नाही. गाडी छान सुरू होते. तापल्यावर मात्र अडीचशेचे साडेचारशे होतात, आणि ईसीएमला इंजिन सुमारे सत्तर अंशावर असल्यासारखं वाटतं. ते इंधन जास्त सोडत राहतं. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, आणि चेक इंजिनचा दिवा लागत नाही, कारण सत्तर अंश हा आकडा अशक्य नाही. अशा वेळी स्कॅनरवर कोड न बघता चालू आकडे बघायचे: तापलेल्या इंजिनाचं खरं तापमान आणि स्क्रीनवरचं तापमान जुळतं का.

मल्टिमीटर ओहमवर लावून ‘वायर ओके’ म्हणणं ही दुसरी चूक. वीस तारांच्या वायरीत एकच तार शिल्लक असली तरी मीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवतो, कारण तो नगण्य प्रवाह सोडतो. त्याच वायरीतून पंपाचा किंवा सेल्फचा प्रवाह गेला की ती दगा देते. म्हणून वायर नेहमी भाराखाली तपासावी. यासाठी व्होल्टेज ड्रॉपची चाचणी हे सर्वांत विश्वासू हत्यार आहे, आणि त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक प्रोब बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरा थेट इंजिनाच्या उघड्या धातूवर. मग सेल्फ मारायला सांगा. आकडा पाव व्होल्टच्या आत राहिला तर अर्थ चांगला. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी तपासा. ही पट्टी गंजून तुटलेल्या जुन्या गाड्यांत सेल्फचा प्रवाह परतीची वाट म्हणून ॲक्सिलरेटरची केबल धरतो, आणि ती केबल चक्क हाताला भाजते. सेन्सरच्या बारीक वायरींसाठी निकष आणखी कडक: अर्थच्या बाजूला ०.१ व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप संशयास्पद.

एकाच वेळी तीन-चार सेन्सरचे कोड आले तर चार सेन्सर एकदम गेले असं समजू नये. अनेक सेन्सर पाच व्होल्टच्या समाईक पुरवठ्यावर चालतात. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला किंवा त्याची वायर कुठे घासून बॉडीला टेकली की तो पुरवठाच बसतो आणि सगळे एकदम मुके होतात. मीटर पाच व्होल्टच्या वायरीवर लावून एकेक सेन्सरचा कपलर काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर व्होल्टेज परत येईल, तो सेन्सर दोषी; सगळे काढूनही आलं नाही, तर दोष हार्नेसमधल्या वायरीत. ईसीएम आणि इतर कंट्रोलर बोलेनासे झाले तर बॉशने १९८६ मध्ये मांडलेल्या कॅन बसच्या दोन वायरी तपासायच्या. बॅटरी काढून त्या दोन्हींत ओहम मोजले तर सुमारे ६० यायला हवेत, कारण दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक समांतर असतात. १२० आले तर एका टोकापर्यंतची वाट तुटली आहे.

अधूनमधून येणारा दोष पकडायला संयम लागतो. इंजिन चालू ठेवून हार्नेस एकेका वळणावर हलकेच हलवत जायचं: जिथे तो इंजिनावरून बॉडीवर येतो, जिथे ब्रॅकेटच्या धारेला टेकतो, जिथे कपलरमध्ये शिरतो. कुठे इंजिन अडखळलं की तिथली टेप उघडायची. फिरता पट्टा, पंखा यांपासून हात आणि बाह्या दूर. वायरीला सुई टोचून व्होल्टेज बघण्याची सवय सोडून द्यावी. ते छिद्र पुढच्या पावसाळ्यात कळकाचं दार होतं. कपलरच्या मागून, वायरीच्या कडेने बारीक पिन सरकवली की काम होतं. जुन्या पद्धतीचा बल्बवाला टेस्ट लॅम्प फ्यूज आणि पॉवरच्या जाड वायरींसाठी उत्तम, पण सेन्सर किंवा ईसीएमच्या वायरींना तो लावू नये. त्याने ओढलेला प्रवाह ईसीएम जाळू शकतो. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलींना तर प्रशिक्षण नसलेल्याने हातच लावायचा नाही.

दोष सापडल्यावर दुरुस्ती त्याच दर्जाची हवी. घरच्या फिटिंगची वायर इंजिनाजवळ चालत नाही. त्याच जाडीची, उष्णता सोसणारी मोटारीची वायर, योग्य पकडीने दाबलेला जॉइंट, वर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह. जॉइंट एकमेकांसमोर न ठेवता मागेपुढे. कॅनच्या वायरींचा पीळ कायम. आणि मूळ क्लिप परत जागेवर. आवरण दोन-तीन ठिकाणी कपचे टाकत असेल तर ठिगळं लावत बसू नये. आख्खा हार्नेस बदलावा, किंवा चांगल्या वायरमनकडून त्याच मापाचा नवा बांधून घ्यावा.

अडचण एकच आहे. आपल्याकडे सेन्सरचे चार हजार रुपये कुरकुर न करता दिले जातात, कारण डब्यातली वस्तू हातात दिसते. तीन तास हार्नेस चाचपडून कपलरमधली एक पिन साफ करणाऱ्या वायरमनला पाचशे देताना मात्र ‘तू केलंस काय?’ असं विचारलं जातं. म्हणून तो शोधायचं सोडून बदलू लागतो. पुढच्या वेळी गाडी दाखवायला न्याल तेव्हा पार्ट बदलण्याआधी व्होल्टेज ड्रॉप तपासायला सांगा, बिलात तपासणीची वेगळी ओळ लिहायला सांगा, आणि त्या ओळीचे पैसे पूर्ण द्या.