शीतयंत्राची अंतःशुद्धि

आपल्या घरांतून स्वच्छतेची परंपरा फार जुनी आहे. पहाटे सडासंमार्जन होतें, पूजेचीं उपकरणीं चिंच लावून घांसलीं जातात, पिण्याच्या पाण्याची कळशी विसळल्यावांचून कोणी भरीत नाहीं. परंतु अलीकडे ज्या एका उपकरणाचा आपल्या घरांत प्रवेश झाला आहे, त्याच्या पोटांतून कुटुंबांतील आबालवृद्धांच्या श्वासाची हवा रात्रभर पुनःपुन्हां फिरत असते आणि तरीहि त्याच्या अंतरंगांत वर्षानुवर्षें कोणी डोकावीत नाहीं. हें उपकरण म्हणजे वातानुकूलन यंत्र, म्हणजेच बोलण्यांतला एसी. बाहेरचें पांढरेंशुभ्र आवरण पुसलें कीं यंत्र स्वच्छ झालें, अशी आपली समजूत असते. ती किती अपुरी आहे हें दाखवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

उन्हाळ्यावर उपाय शोधणें हें कांहीं आजचें नव्हे. शाकुंतलांतील तापलेल्या नायिकेसाठीं वाळ्याची उटी नेली जाते. आपल्या आजोबांच्या काळीं दारास वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडीत. पाण्याची वाफ होतांना तें भोंवतालची उष्णता शोषून घेतें, हेंच त्यामागील तत्त्व. आधुनिक यंत्राचा जन्म मात्र निराळ्या गरजेंतून झाला. विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्यानें १९०२ सालीं ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठीं आपलें यंत्र आंखलें, तें माणसांस गारवा देण्यासाठीं नव्हे. दमट हवेनें कागद फुगे आणि निरनिराळ्या रंगांचे ठसे एकमेकांवर नीट बसत नसत. ती आर्द्रता आवरणें हा त्याचा उद्देश होता. ‘वात’ आणि ‘अनुकूल’ या दोन पदांनीं बनलेला आपला शब्द या दृष्टीनें फार समर्पक आहे. हवा केवळ गार होऊन भागत नाहीं, ती अनुकूल व्हावी लागते. आणि मळक्या यंत्रांतून आलेली हवा गार असली तरी अनुकूल नसते.

आतां या यंत्राची रचना थोडक्यांत पाहूं. त्यांत दोन नळ्यांच्या जाळ्या असतात. कारागीर त्यांस कॉइल म्हणतात. एक खोलींतील भागांत असते, दुसरी बाहेर. तांब्याची नळी नागमोडी वळवून तिच्यावर ॲल्युमिनियमचे अतिशय पातळ पत्रे एकमेकांस लागून बसविलेले असतात. नळींतून फिरणाऱ्या द्रवाची आंतल्या कॉइलमध्यें वाफ होते व तो खोलीची उष्णता उचलतो. कॉम्प्रेसर त्या वायूस दाबून बाहेरच्या कॉइलमध्यें ढकलतो. तेथें उष्णता टाकून त्याचा पुन्हा द्रव होतो. म्हणजे हें यंत्र थंडी निर्माण करीत नाहीं. खोलींतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकणारा तो एक हमाल आहे. हमालाच्या वाटेंत दोन्हीं टोंकांस कचरा पसरून ठेवला तर त्याची जी गत होईल, तीच मळक्या कॉइलच्या यंत्राची होते.

आंतली कॉइल चालूं असतांना सदैव ओली असते, म्हणून जाळींतून निसटलेली धूळ तिला चिकटून राहते. धुळीच्या थरानें उष्णता अडते आणि पत्र्यांमधील फटी बुजून हवेचा ओघ क्षीण होतो. खोली गार होण्यास वेळ लागतो, कॉम्प्रेसर अधिक काळ चालतो व विजेचा आंकडा वाढतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचें म्हणणें असें कीं, तुंबलेल्या जाळीच्या जागीं स्वच्छ जाळी बसविल्यानें विजेच्या खर्चांत ५ ते १५ टक्के बचत होऊं शकते. बाहेरची कॉइल मळली तर हानि याहून गंभीर. उष्णता बाहेर पडेनाशी होऊन वायूचा दाब चढतो आणि यंत्राचें हृदय जो कॉम्प्रेसर, त्याचें आयुष्य घटतें.

आमच्या पिंपळीसारख्या बारामतीच्या परिसरांतील गांवांस ही गोष्ट विशेष लागू आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा हा मुलूख; येथील वारा कोरडा व धुळीनें भरलेला. त्यांत हा उंसाचा टापू. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत उंसाच्या गाड्यांची रहदारी चालते, तोडणीनंतर कित्येक शेतांतून पाचट पेटविलें जातें व त्याची काळी राख उडत येऊन गच्चीवर पडते. ती जशी वाळत घातलेल्या धोतरावर पडते, तशीच बाहेरच्या कॉइलवरहि पडते. धोतर आपण त्याच दिवशीं धुतों. कॉइल मात्र तशीच राहते.

आरोग्याचा प्रश्न तर खर्चाहून मोठा आहे. ओलावा, अंधार आणि धूळ हीं तिन्ही एकत्र आलीं कीं तेथें बुरशी वाढणारच. यंत्र सुरूं करतांच जो कुबट वास येतो, तो तिचीच वर्दी होय. एकत्र कुटुंबांत एकाच खोलींत दम्याची आजी आणि तान्हें मूल निजत असतें. दमा यंत्रामुळेंच होतो असें मुळींच नव्हे; परंतु ज्यास तो आहे त्याला बुरशीचे कण खचित बाधक होतात. भलती भीति मात्र बाळगूं नये. १९७६ सालीं फिलाडेल्फिया येथें उद्भवलेल्या लीजनेअर रोगाचा दाखला पुष्कळदां दिला जातो; पण त्याचे जंतु मोठ्या इमारतींच्या शीतकरण मनोऱ्यांतील पाण्यांत वाढतात, आणि घरगुती यंत्रांस असा मनोरा नसतो.

एका परिचित कुटुंबांतील हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. यंत्र गार करीना, आंतल्या कॉइलवर बर्फ जमूं लागलें. कारागीर आला, ‘गॅस संपला’ म्हणाला आणि गॅस भरून पैसे घेऊन गेला. पुढच्या उन्हाळ्यांत पुन्हा तेंच. तिसऱ्या खेपेस एका जाणत्या माणसानें गॅसला हात न लावतां प्रथम कॉइल धुतली. काळें पाणी बादलीभर निघालें आणि यंत्र पूर्ववत् चालूं लागलें. यांतील मर्म असें कीं, हा गॅस चुलीच्या सिलिंडरांतल्याप्रमाणें खर्च होणारा नव्हे. तो बंद नळ्यांतून फिरत असतो. तो कमी झाला असेल तर कोठें तरी गळती आहे, आणि ती बुजविल्यावांचून नवा भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय. हवेचा ओघ अडल्यानेंहि बर्फ जमतें व गॅस कमी झाल्यानेंहि जमतें. म्हणून आधीं शुद्धि, मग चिकित्सा, हा क्रम सोडूं नये.

शुद्धीचा विधि सोपा आहे. मुख्य बटण बंद करून पुढील झांकण उघडावें, जाळी काढून नळाच्या पाण्यानें धुवावी व सावलींत वाळवून परत बसवावी. उन्हाळ्यांत हें दर पंधरवड्यास करावें. जाळीमागील कॉइलवर मऊ ब्रश पत्र्यांच्या दिशेनेंच, वरून खालीं, हलक्या हातानें फिरवावा. आडवा फिरविल्यास पत्रे वांकतात. पूर्ण धुण्याचें काम जाणत्या कारागिराकडून करवून घ्यावें व त्या वेळीं घरच्या कोणी तरी जवळ उभें राहावें. तीव्र आम्ल वापरूं देऊं नये, कारण ॲल्युमिनियम त्यानें झिजतें. कालव्याच्या पट्ट्यांत कित्येक विहिरींचें पाणी खारट असतें, तें टाळून गोडें पाणी द्यावें. पाणी जाण्याची नळी मोकळी आहे ना, हेंहि पाहावें; ती तुंबली कीं भिंतीवर ओघळ येतात. बाहेरचा भाग उंचावर टांगलेला असल्यास घरच्या मुलांनीं कदापि त्यावर चढूं नये. कांहीं नव्या यंत्रांतील वायु ज्वालाग्राही असतो, म्हणून दुरुस्तीच्या वेळीं जवळ आग नसावी.

हें सर्व केव्हां करावें? त्यासाठीं निराळें पंचांग नको. होळी झाली कीं पाडव्यापूर्वीं घर झाडण्याची आपली वहिवाट आहेच. त्याच वेळीं एकदां, आणि दुसऱ्यांदा दिवाळीच्या साफसफाईंत, दोन्ही कॉइल धुवून घ्याव्या. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रें २४ अंशांवर नेमूनच विक्रीस यावींत असा आपल्याकडे नियम झाला आहे. कॉइल स्वच्छ असेल तर या २४ अंशांत घरचीं सारीं माणसें सुखानें निजतात; मळकी असेल तर १८ अंशांवर आणूनहि आजीचा खोकला आणि सुनेची कुरकुर थांबत नाहीं.

शेवटीं एक सूचना. एकत्र कुटुंबांत जें काम सर्वांचें, तें बहुधा कोणाचेंच नसतें. म्हणून जाळी धुण्याचें काम घरांतील एका वाढत्या मुलाकडे किंवा मुलीकडे नांव घेऊन सोंपवावें आणि कॉइल धुतल्याची तिथि भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. शाळेंत पदार्थविज्ञान शिकणाऱ्या त्या मुलास बाष्पीभवनाचा पाठ घरींच समजेल, आणि आजीस त्या रात्रीं स्वस्थ झोंप लागेल.